आलो की आले

ये गं पोरी, अशी जवळ सरक. लांबून रागवायला माझ्या घशात आता ताकद नाही. माझ्या कथांच्या पुस्तकाची प्रुफं तू तिकडे धुळ्याला, देवपुरात बसून तपासलीस, काने-मात्रे नीट लावलेस, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण पाचोऱ्याच्या कथेतला प्रत्येक ‘आलो’ खोडून ‘आले’ केलंस, ते कोणाला विचारून? चौथी शिकलेल्या बाईचं चुकलं असेल, असंच ना?

अगं, बाकीच्या कथांत ‘मी’ म्हणजे मीच. या एकीत ‘मी’ म्हणजे आमचे हे. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी भांडून पाचोऱ्याला माहेरी जाऊन बसले, महिन्याने हे न्यायला आले. ते भांडण माझ्या बाजूने मी जन्मभर सांगितलं. म्हटलं, एकदा यांच्या तोंडून सांगून बघू. लिहिलं खरं, पण धाकधूक होती. माणूस शेजारी पेपर वाचत बसलाय आणि आपण त्याच्या तोंडी वाक्यं घालतोय. ‘हा मी नव्हेच’ म्हणाले असते, तर कथाच काढून टाकणार होते.

तुझी प्रुफं इकडे आमच्या असोद्याला आली तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते. यांनी चष्मा लावला, मोठ्याने वाचलं, ‘मी गाडीतून उतरले, बायकोला न्यायला आले.’

“का वं,” म्हणाले, “मी लुगडं कधी नेसलो?”

हसता हसता माझं एक वांगं करपलं. मग लाल पेन घेऊन स्वतःच बसले. एकेक ‘आले’चा ‘आलो’ करत गेले आणि शेवटच्या पानावर थांबले. तिथे मी लिहिलं होतं, ‘आईने पाठवलं म्हणून आलो.’ इतकी वर्षं माझी तीच समजूत. यांनी ते खोडलं, वर बारीक अक्षरात लिहिलं, ‘त्याआधी दोनदा स्टेशनावरूनच परत गेलो होतो.’

“हे खरं?” मी विचारलं.

“गोष्ट मीच सांगतोय ना? मग मला ठाऊक असणार.”

मी वांगी सोलत बसले.

तर पोरी, ते वाक्य तसंच छापायचं, त्याला हात लावू नकोस. आणि पुढच्या खेपेला धुळ्याहून सकाळची बस धरून लवकर परत ये बाई. यांनी आता सासूबाईंची कथा उघडलीय, पेनचं टोपण काढून बसलेत.