लंच अवरमधली सोंगं

आमच्या वाशीच्या घराला माळा नाही. त्यामुळे जुनं काही साठलंच नाही, जे आलं ते वेळच्या वेळी बोहारणीच्या टोपलीत गेलं. किस्से तेवढे उरले, कारण ते कुठलीच बोहारीण घेत नाही. त्यातले निम्मे एकाच खोलीतले आहेत. बसलोच आहोत तर सांगते.

खोली म्हणजे आमच्या केमिकल कंपनीची कॉम्प्युटर रूम. ठाणे-बेलापूर रोडवर, ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. कपाटाएवढं एक मशीन, त्याला वायरींनी जोडलेले हिरव्या अक्षरांचे स्क्रीन, आणि अख्ख्या कंपनीत एसी काय तो तिथेच. चपला बाहेर काढून आत जायचं, देवळात जातात तसं. मी तिथे डेटा एंट्रीला होते.

आमची प्रोग्रामर नंदिनी कॉलेजात असताना कुठेतरी एक खेळ बघून आली होती. तसाच तिने आमच्या मशीनवर बनवला. त्यात एक राज्य होतं, आणि प्रत्येकाने आपापल्या स्क्रीनवरून त्या राज्यातला एक माणूस व्हायचं. चित्रबित्र काही नाही हां! इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं की ते बाकीच्यांच्या स्क्रीनवर उमटायचं. त्या माणसाला आम्ही 'सोंग' म्हणायचो. मॅनेजर भिडे साहेब जेवायला गेले, की सगळी सोंगं लाईनवर यायची.

*

डिस्पॅचचा सावंत पहिल्याच दिवशी सेनापती झाला. नंदिनी प्रत्येक सोंगाला मोजकेच गुण द्यायची, ते आपण वाटून घ्यायचे. थोडी ताकद, थोडी अक्कल, थोडी माया, असं. सावंतने सगळेच्या सगळे ताकदीत टाकले. बाकी सगळीकडे भोपळा.

मग सेनापती किल्ल्याच्या दाराशी आले आणि खांदा मारायला लागले. लंच अवर संपत आला तरी दार हलेना. सावंत स्वतः घामाघूम झाला होता, तेही एसीत. शेवटी नंदिनीने सांगितलं की दाराला कडीच नाहीये, नुसतं आपल्याकडे ओढायचंय.

"मग आधी बोलायचं ना!" सावंत चिडला.

"दारावर लिहिलंय की. तुझ्या सोंगाला वाचता येत नाही."

*

त्या दिवसापासून नंदिनीने नियमच केला. तलवार नंतर. आधी सोंगाच्या घरी कोण वाट बघतंय, ते कशाला घाबरतं, आणि रोज कुठली थाप मारतं, ते सांगायचं. नुसते गुण गोळा केले की कॅलेंडरवरचं चित्र होतं, माणूस होत नाही, असं तिचं म्हणणं.

मी राणी झाले होते. घरी पहाटेपासून राबायचं, निदान इथे तरी कुणीतरी हातात ताट द्यावं! राणी कशाला घाबरते, असं नंदिनीने विचारलं, तर माझ्या तोंडून फटकन निघालं, "पाहुण्यांना."

खोटं कशाला बोलू? आमची एक खोली आणि किचन, आणि कोकणातून नोकरी शोधायला येणारा प्रत्येक भाऊबंद आमच्याच गॅलरीत झोपायचा. मग काय, राणीला महालाबाहेर काढायचं असलं, की नंदिनी फक्त 'दारात पाहुणे आलेत' एवढं टाइप करायची. मी मागच्या खिडकीतून पसार व्हायचे.

*

अकाउंट्सचा जोशी झाला दिवाणजी. त्याच्या सोंगाला संकष्टी होती, आणि ती कडक. एकदा नेमक्या संकष्टीलाच राजाने शेजारच्या राजासाठी मोठी पंगत मांडली, तर दिवाणजी ताटावरून उठून चालायला लागले. राजाचा अपमान झाला, शेजारच्या राज्याशी ठरलेला तह मोडायची वेळ आली. आणि इकडे जोशी माझ्या शेजारी बसून वडापाव हाणतोय!

मी म्हटलं, "अरे, तू तर खातोयस."

"उपास त्याचा आहे, माझा नाही."

पुढच्या संकष्टीला मात्र त्याने वडापाव परत केला. मी कारण विचारलं, तर म्हणतो, दिवाणजींसमोर बरं दिसत नाही.

*

आता धर्माचं सांगते. धर्मा आमचा मशीन ऑपरेटर, इथलाच, खाडीकाठच्या गावचा. त्यांची भातशेती नव्या शहरासाठी गेली होती. कंपनीचं कुंपण जिथून सुरू होतं, तिथेच कुठेतरी त्यांचा बांध होता. त्याचं सोंग म्हणजे गनपा नावाचा शेतकरी. ना तलवार, ना घोडा. एक शेत आणि एक म्हातारा बाप.

नंदिनीची सगळी पुढची गोष्ट अशी ठरलेली, की राजा नवी राजधानी बांधतो. आणि राजधानी येणार होती नेमकी गनपाच्या शेतावर. तिला वाटलं, तो दोन दिवस कुरकुर करेल आणि देईल.

सेनापती दरडावून आले. दिवाणजी मोबदल्याची थैली घेऊन गेले. शेवटी मी, म्हणजे साक्षात राणी, गेले. गनपाने सगळ्यांना भात आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण वाढलं, आणि सगळ्यांना एकच सांगितलं. "बसा, जेवा. पन जमीन नाय."

पावसाळा आला, गेला. राजधानीची एक वीट लागेना. नंदिनी वैतागली. "धर्मा, प्रोग्राम माझा आहे. मी एका ओळीत तुझी जमीन काढून घेऊ शकते."

धर्मा तिच्याकडे न बघता म्हणाला, "तेवा बी तसंच केलं त्यांनी."

नंदिनीने ती ओळ लिहिली नाही. तिने राजधानी उचलून खाडीपलीकडे नेली. म्हणजे आमच्या खेळात नवी मुंबई झालीच नाही!

नंतर कळलं, की धर्मा रोज संध्याकाळी हे सगळं घरी बापाला सांगायचा. जमीन गेल्यापासून म्हातारा कुणाशी फारसा बोलत नसे. पण धर्मा घरात शिरला, की आधी विचारायचा, "आज कोन आलतं मागायला?" आणि कोण कसं हात हलवत परत गेलं, ते ऐकून दोन घास जास्त जेवायचा.

*

मग नवीन मशीन आलं. जुनं शनिवारी बंद करायचं ठरलं, आणि आमचा खेळ नव्या मशीनवर चालणार नव्हता. भिडे साहेबांना खेळाचं सगळं माहीत होतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यांनी लंच अवर संपेपर्यंत वेळ दिला.

आम्ही सोंगांना निरोप द्यायला बसलो. सेनापतींनी एक दार ओढून उघडलं. दिवाणजी पोटभर जेवले. माझ्या राणीने पाहुण्यांना घरात घेतलं आणि स्वतः चहा केला. खरं सांगते, माझे डोळे भरून आले.

धर्माचा स्क्रीन मात्र रिकामाच. सकाळी तो मला म्हणाला होता, "बापाला काय सांगू? दुसऱ्यांदा गेली म्हनून?"

तेवढ्यात दार उघडलं आणि तो बापालाच घेऊन आला. कंपनी उभी राहिल्यापासून म्हातारा या गेटाच्या आत कधी आला नव्हता. बाहेर त्याने वहाणा काढल्या, डोक्याची टोपी सारखी केली, आणि स्क्रीनसमोर उभा राहिला. धर्मा एकेक ओळ वाचून दाखवायला लागला. शेत. विहीर. बांध.

"बांधावर चिच व्हती," म्हातारा म्हणाला. "ती नाय आली."

धर्माने चिंच टाइप केली.

"बांध सरल नव्हता. इहिरीशी वाकडा जायचा."

धर्माने बांध वाकडा केला. मग शेतातलं पाणी खाडीत सोडणारी उघाडी आली, खळं आलं, बैलाचा गोठा आला. भिडे साहेब मशीनच्या स्विचवर हात ठेवून उभे होते. बाहेर इंजिनिअर खोळंबले होते.

शेवटी म्हातारा थांबला. भिडे साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि स्विचवरचा हात खाली घेतला.

"काका, बंद करू का?"

"नाय," म्हातारा म्हणाला, आणि भिडे साहेबांची खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसला.