परातीतले चंद्राचे तुकडे

पोरांनो, तुमच्यातली थोरली हल्ली अवकाशात फिरणारे बारीक कण मोजायचं यंत्र बनवते, असं कळलं. बरं वाटलं. पण हे काम आपल्या घरात आधीच होऊन गेलंय. मुरबाडला, आणि तेही माझ्या माहेरच्या परातीत.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुमचे आजोबा शाळेत विज्ञान शिकवत. त्या थंडीत रशियाचा कृत्रिम चंद्र जळून खाली आल्याची बातमी आली. त्याचा चुरा कुठंही पडू शकतो, म्हणजे मुरबाडलाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. माझ्या पितळी परातीला आतून छान कल्हई होती. तिला एरंडेल चोपडून त्यांनी ती कौलांवर ठेवली. रोज सकाळी उलथन्यानं तेल खरवडायचं, रॉकेलमध्ये धुवायचं आणि उरलेला गाळ भिंगाखाली खसखशीच्या दाण्याशेजारी ठेवून मापायचा, असा क्रम सुरू झाला.

जवळच्या म्हसा गावच्या जत्रेला निघालेल्या बैलगाड्यांचा फुफाटाच त्यात जास्त असे. पण एके सकाळी ते ओरडले, "अगं, चकाकतंय!"

रुपेरी कण होते खरे. त्यांनी लोहचुंबक फिरवला. कण हलले नाहीत.

"लोखंड नाही, म्हणजे उल्केचे नव्हेत. हा माणसानं घडवलेला धातू!"

"मग त्या माणसालाच सांग रे भाकऱ्या थापायला," सासूबाई म्हणाल्या. "आमच्याकडं परात नाय."

मला घोर निराळाच होता. जत्रेच्या निमित्तानं माझे वडील शहापूरहून रविवारी येणार होते, लग्नानंतर पहिल्यांदाच. परात त्यांनी दुकानात वाजवून, पारखून घेतलेली. ती कौलांवर दिसली तर जावयाबद्दल काय समजतील?

इकडे कण रोज वाढत होते आणि आजोबा खुशीत होते. शनिवारी सकाळी मी शिडी लावून परात उतरवली आणि राखेनं घासली. मधोमध ताटलीएवढं पितळ उघडं पडलं होतं. उलथनं फिरायचं, नेमकं तिथंच.

"अहो, हा तुमचा चंद्र. कल्हई आहे ही."

ते परातीकडे पाहतच राहिले. "सगळेच कण?"

"सगळेच."

"एखादा तरी..."

"जत्रेत कल्हईवाला बसतो," सासूबाई म्हणाल्या. "सासरा यायच्या आत तुझा चंद्र परत चिकटवून आण, जा!"

आजोबा परात पाठीला बांधून सायकलवरून म्हशाला गेले. मागून पाहिलं तर कासव चाललंय असं वाटे. दिवेलागणीला परतले.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी परात उचलली, आत स्वतःचा चेहरा पाहिला आणि खूश झाले. "जावईबापू, अगदी नवीसारखी ठेवलीत हो!"

आजोबांनी मान खाली घातली.

"रोज निरखतो तो तिला," सासूबाई म्हणाल्या. "भिंग लावून."

तर बाई, तुझ्या यंत्राची परात कशाची आहे, आणि तुम्ही ती कशानं खरवडता, तेवढं कळव.