ताईच्या सासऱ्यांचा भांग

माझ्या ताईच्या सासऱ्यांना समुद्र जितका कळला होता तितका तो मुंबईत दुसऱ्या कुणाला कळला नसेल, आणि समुद्राने त्यांना जितकं कमी दिलं तितकं कमीही दुसऱ्या कुणाला दिलं नसेल. परळच्या गिरणीत ते साचे खात्यात, म्हणजे मागांवर, होते. पण गिरणी हे त्यांच्या लेखी दोन भरत्यांच्या मधला वेळ घालवायचं ठिकाण होतं. उरलेला वेळ ते वरळीच्या खडकांवर, दादरच्या चौपाटीवर किंवा माहीमच्या खाडीच्या तोंडाशी गरी टाकून उभे असत. याला ते ‘गरवूक जाणे’ म्हणत. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, वडील गिरगावात एका विमा कचेरीत कारकून. आमच्या घरात पाण्यातल्या यच्चयावत प्राण्याला ‘मासा’ हा एकच शब्द होता, त्यामुळे या गृहस्थांशी सोयरीक जुळणं म्हणजे परदेशात लग्न करण्यासारखंच होतं.

त्यांचा खरा हंगाम थंडीचा. दिवाळी सरली, पाणी निवळलं, की त्यांच्या अंगात वारं शिरायचं. सकाळी चाळीच्या नळावर माणसं तोंडात मंजन घेऊन उभी असताना हे गळ्यात मफलर गुंडाळून यायचे आणि कुणी विचारो न विचारो, समुद्राची हालहवाल सांगायचे. समुद्राचे त्यांनी तीन भाग केले होते. होड्या जातात तो ‘भायर’, खडक आणि खाडीलगतचा तो ‘कडेक’ आणि वाळूचा तो ‘पुळणीर’. “वारो मतलई आसा. भायर पाणी तेलासारखा, सुरमय चढली असतली. कडेक पाणी गार, रावस खाडीच्या तोंडाक इलो असतलो. पुळणीर बोयी खेळतत.” मतलई म्हणजे सकाळचा जमिनीकडून समुद्राकडे जाणारा वारा, हे चाळीतल्या घाटावरच्या बिऱ्हाडांनाही ऐकून ऐकून पाठ झालं होतं. तोंडातल्या मंजनामुळे कुणाला उलट बोलता येत नसे, म्हणून त्यांनी ही वेळ निवडली होती असा शेजाऱ्यांना संशय होता.

एवढं सगळं सांगून माणूस संध्याकाळी परत यायचा तेव्हा पिशवीत एखादा शिंगाळा असायचा. शिंगाळा म्हणजे मिशा आणि काटे, मधे थोडा मासा. पण मोठा मासा गरीवरून सुटून गेला अशी थाप त्यांनी जन्मात मारली नाही. “मासो होतो. तेका खावचा नव्हता,” एवढंच सांगून ते पाय धुवायला जायचे. मग त्यांच्या बायकोला दारावरच्या कोळणीकडून मासळी घ्यावी लागे आणि ही विकतची मासळी हे उजेडात धरून, कल्ले उघडून पाहत आणि कुठल्या पाण्यातली ते सांगत. “हो भायरलो. ही कडेची.” बायको विळीवरून मान वर न करता म्हणायची, “पत्तो सगळ्यांचो सांगतत, घरात एकाक हाडतत काय?”

माणसांचीही त्यांनी हीच तीन खाती पाडली होती. जो दूर नोकरीला जाईल, जोखीम घेईल तो भायरलो. ज्याचा एक पाय घरात आणि एक बाहेर तो कडेचो. आणि जो पावलं भिजतील एवढ्याच पाण्यात उभा राहून सगळ्यांना पोहायला शिकवतो तो पुळणीवरचा. माझे वडील पहिल्याच भेटीत पुळणीवर जमा झाले. हे आम्हाला फार नंतर कळलं म्हणून बरं, नाहीतर सोयरीक तिथेच मोडली असती.

ती मोडायची वेळ आली मात्र, आणि तीही एका शब्दापायी.

ताई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची. मुलगा गिरणीत फिटर होता, शांत होता आणि बापाच्या मानाने समुद्रावर पुष्कळच कमी बोलायचा. दोघं एकमेकांना पसंत होती. ताईने तर बैठकीच्या आधीच आईला बजावलं होतं, “करीन तर इथंच, उगाच पुढची स्थळं बघत बसू नका.” बैठक आमच्या घरी झाली. देण्याघेण्याचं काही अडलं नाही. चहा झाला आणि वडिलांनी विचारलं, “तारखेबद्दल आपली काही अडचण?”

ताईचे सासरे, म्हणजे होऊ घातलेले, बशी खाली ठेवत म्हणाले, “तारीख खयची पण धरा. फक्त भांग बघून धरा. भांग असलो म्हणजे माझो जीव जाग्यार ऱ्हवता. नसलो तर माझो काय भरवसो नाय.”

त्यांच्या बायकोने लगेच दुजोरा दिला, “भांग असलो काय ते घरात गप पडान असतत. नायतर टिकाचे नाय.”

आईने पदर तोंडाला लावला. पाहुणे गेल्यावर वडील कितीतरी वेळ गॅलरीत उभे होते. मग आत येऊन म्हणाले, “तोंडाने कबूल करतोय गृहस्थ. बायकोदेखत.” मी म्हटलं, ते ‘असलो’ म्हणाले, भांग तर ‘ती’ असते. त्यावर वडील म्हणाले, “मालवणी माणूस आहे तो, सगळ्यालाच ‘लो’ लावतो. व्याकरण काय बघतोस, डोळे बघ त्याचे.” डोळे लाल होते हे खरं होतं. दिवसभर खारा वारा अंगावर घेऊन पाण्याकडे टक लावणाऱ्याचे ते व्हायचेच, पण घाटावरच्या माणसाच्या हे कुठून लक्षात यावं. बोलता बोलता हरवतात, मधेच ‘पाणी चढला’ म्हणतात, सगळं जुळत चाललं होतं.

वडील कारकून माणूस, एका पुराव्यावर थांबणारे नव्हेत. चौकशीसाठी एका अष्टमीला ते परस्पर परळला गेले. जिन्यात शेजारी भेटला. तोही कोकणातलाच. “म्हातारे ना? आज भांग मा? मग झोपलेले असतले,” तो म्हणाला, आणि हसलाही. वडील वर न जाताच परतले. कोट खुंटीला लावताना म्हणाले, “शेजाऱ्यापाजाऱ्यांना वार माहीत आहेत. भंगडाच्या घरात मी मुलगी देणार नाही.”

ताई रडली नाही. ती तशी रडणारी नव्हेच. ताटावर बसली, भात कालवला आणि तसाच ठेवून उठली. वडिलांना म्हणाली, “बाबा, मला त्यांच्या घरात राहायचंय, त्यांच्या वडिलांच्या भांगेत नाही. तुम्ही मोडा हवं तर. पण मग दुसरं बघू नका, मी बोहल्यावर चढणार नाही.” वडील वरून ताठ राहिले, पण पानावरून तेही उठले. त्या आठवड्यात आमच्या घरात जेवणं झाली ती नावाला.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. आज हरताळ, उद्या मोर्चा, परवा चौपाटीवर सभा. ताईचे सासरे कडवे चळवळवाले होते, मोर्चात लाठीही खाल्ली होती. मात्र पुढाऱ्यांवर त्यांचा एक राग होता. हरताळ नेमका भांगाच्या दिवशी पडला की ते भडकत. “गिरणी बंद, आणि गरवूक पण येना नाय. पुढारी सगळे घाटावरचे, तेंका विचारणार कोण?” गिरगाव चौपाटीवरची सभा मात्र त्यांनी कधी चुकवली नाही. तिथे गाठून नकार कळवायचा असं वडिलांनी ठरवलं. घरी जाऊन बायकामाणसांसमोर अपमान नको, एवढा विचार त्यांनी केला होता. मला बरोबर घेतलं.

सभेला ही गर्दी. माणसं वाळूत बसलेली, दिव्यांच्या खांबाला पोरं चिकटलेली, वक्ते रंगात आलेले. सगळ्या चौपाटीची तोंडं व्यासपीठाकडे आणि एकच पाठ व्यासपीठाकडे, ती यांची. पाण्याच्या कडेला उभे राहून ते सभा कानांनी ऐकत होते आणि समुद्र डोळ्यांनी. आम्हाला पाहून त्यांना आनंद झाला. “इलास? बरा झाला. माका एक सांगा. मुंबई आमची, ती खयपर्यंत? भरतीच्या रेघेपर्यंत काय सुकतीच्या? ह्या कोणच बोलणा नाय.”

वडील प्रश्नात अडकले नाहीत. घसा साफ करून म्हणाले, “स्पष्टच बोलतो. तुमचं ते भांगेचं आमच्याकडे कुणाला पटलेलं नाही.”

“माका तरी खय पटता?” ते म्हणाले. “पण देवान केलेला, आपण काय करतलव?”

“सोडायचा प्रयत्न केलात कधी?”

“सोडूचो कसो? महिन्यातून दोनदा येताच तो.”

“म्हणजे ठरावीक दिवशीच घेता?”

“घेवचो कसो? तो आपसूक येता.”

वडील हादरले होते, तरी त्यांनी नेटाने विचारलं, “किती वर्षांपासून?”

“बापाशीक होतो, आज्याक होतो. आमच्या अख्ख्या गावाक आसा.”

“बायकांनाही?”

“बायकांक, पोरांक, सगळ्यांकच. हयसर पण आसा. येत्या अष्टमीक येवन बघा, हो समोरचो अख्खो दर्या भांगात असतलो.”

वडिलांनी दर्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मागे हजारो माणसं ‘झालाच पाहिजे’ म्हणून गर्जत होती आणि आमच्या पुढे तो अरबी समुद्र, अष्टमीला भांग पिऊन पडणारा. मला आधी उमगलं आणि मी खाली वाळूतच बसलो. हसू आवरेना. मग दोन्ही बाजूंनी उलगडा झाला. अमावास्या-पुनवेला पाणी उधाणाने चढतं, उतरतं, धावतं आणि मासा तोंड उघडतो. अष्टमीच्या सुमाराला पाण्याचा जोर मरतो, ना धड भरती ना धड ओहोटी. त्या मेलेल्या पाण्याला कोकणात भांग म्हणतात. भांगाला गरी टाकून उपयोग नसतो, म्हणून हे घरी झोपतात. आणि लग्नात मन लागावं म्हणून लग्न भांगाला हवं होतं, इतकं सरळ.

आपल्याला व्यसनी ठरवलं होतं हे कळल्यावर ते रागावतील असं मला वाटलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “तरीच त्या दिवशी विहीणबाय पदर लावन बसलेली. माका वाटला, मासळीचो वास इलो.”

वडिलांना फार ओशाळल्यासारखं झालं होतं. भरपाई म्हणून ते म्हणाले, “आता मुहूर्त तुमच्या भांगालाच धरू.” पण गुरुजींनी पंचांग उलटंसुलटं करून पाहिलं. पत्रिका, महिने, सगळ्यातून गाळून एकच दिवस उरला, माघी पौर्णिमा. थंडीतली ऐन उधाणाची पुनव. ज्या पुनवेला रावस कडेला येतो असं ते वर्षभर घोकत, ती. निरोप घेऊन मीच परळला गेलो. ते गरीचा दोर मेणवत बसले होते. ऐकून त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता पुढच्या वर्षाची गोष्ट काढणार. ते दोर गुंडाळत म्हणाले, “धरा. रावस दर वर्साक येता. सून काय दर पुनवेक येता?”

लग्नात त्यांच्यावर नजर ठेवायला वडिलांनी दोन माणसं लावली होती, पण गृहस्थ जागचा हलला नाही. पाया पडायला येणाऱ्याला आशीर्वाद देऊन झाला की हळूच सांगायचे, “आता पाणी लागला चढाक.” अक्षता पडल्या तेव्हा त्यांनी एकदाच पश्चिमेकडे पाहिलं. तिकडे कार्यालयाची भिंत होती.

पुढे ताई त्या घरात रुळली. रुळली म्हणजे काय, ती त्यांची शागीर्दच झाली. तिची शाळा वरळीला होती. घाटावरची पोर, बोय आणि बोंबील यातला फरक न कळणारी, वारा पाहून मतलई की खारा ते सांगू लागली. मुंबई आपली झाली, पण ती कुठल्या रेघेपर्यंत हे कुणी सांगितलं नाही ते नाहीच. मग त्यांची गिरणी सुटली, गुडघे गेले आणि खडकांवर उतरणं बंद झालं. ते खाटेवर आणि समुद्र वरळीला, असं झाल्यावर ताईच दोघांमधली ये-जा करू लागली. शाळेतून आली की पदराने घाम पुसत आधी सांगायची, “मामंजी, बाहेर पाणी निवळ. कडेला गार. पुळणीवर बोयी आहेत.” ते डोळे मिटून ऐकत आणि हमखास एक चूक काढत.

शेवटच्या थंडीत मी त्यांना भेटायला गेलो होतो. माणूस पार वाळला होता. दोन दिवसांपासून मात्र एकच धोशा धरला होता, उठायचं, गरवायला जायचं. खाटेची कड धरून उठू बघत आणि कोसळत. मुलाचं ऐकत नव्हते, बायकोचं तर नाहीच. ताई शाळेतून आली. त्यांनी मान वळवली आणि विचारलं, “पाणी काय म्हणता?”

ताईने पिशवी खाली ठेवली. त्यांच्याजवळ बसली, पांघरूण सारखं केलं आणि म्हणाली, “भांग आहे मामंजी. पाणी मेलेलं आहे. आज जाऊन काही उपयोग नाही.”

ते तिच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “बरा झाला. मग आज झोपतंय,” आणि खरंच निपचित पडले. घरातल्यांना हायसं वाटलं. ताई चहा ठेवायला आत गेली.

ती गेल्यावर त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं. आवाज अगदी खाली गेला होता. “तुझी भयण खोटा बोलाक शिकली,” ते म्हणाले. “आज माघी पुनव. तिच्या लग्नाची तिथ. ती इसारली असात, मी खय इसरतंय?” मग म्हणाले, “तिका सांगू नको हां.”

मी ताईला अजून सांगितलेलं नाही.