बॉनेटवरचा हात

ज्या माणसाने तुमच्या आईला पाडलं, तो उभा कसा राहतो हे तुम्ही कधी नीट पाहिलंय का?

मी पाहिलंय. सुरगाण्याहून द्राक्षबागांकडे मजूर नेणाऱ्या जीपपाशी आमचा मुकादम एक खांदा पाडून, पोट पुढे काढून उभा असतो. बायका अर्ध्या चढलेल्या असतानाच तो बॉनेटवर थाप मारतो आणि जीप निघते. मागे धावणाऱ्या बायका बघून हसायचं, हा त्याचा रोजचा खेळ. त्या खेळात माझी आई पडली. मनगट मोडलं. "तिला चक्कर आली," असं तो सगळीकडे सांगत सुटला.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी मोर्चांची पत्रकं आली. वडील ती वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी चित्रं काढायचे. आईला प्लास्टर घालून आणलं, त्याच दिवशी निबचं पेन आणि काळी शाई घेऊन बसले. आधी मुकादमाच्या मिशा काढल्या, अंगठ्या काढल्या. चित्र विनोदी झालं. मला विनोद नको होता. नवा कागद घेतला आणि चेहराच गाळला. मग पेन न उचलता एकच रेघ ओढली: पडलेला खांदा, पोट, आणि थाप मारणारा हात, अख्ख्या अंगापेक्षा मोठा. कागद हलका, शाई फुटत गेली. पोटापाशी मी ती मुद्दाम फुटू दिली. बायका काढल्या नाहीत, नुसते धावते पाय काढले. निब कागदात रुतत होती आणि मला बरं वाटत होतं.

सकाळी जीपथांब्याच्या भिंतीवर चित्र खळीने चिकटवलं. मुकादम आला आणि बघून लालबुंद झाला.

"माझं चित्र कोणी लावलं रे इथं?"

आईच्या जोडीने कामाला जाणारी मावशी पुढे झाली. "मुकादम, याला नाक नाय, डोळं नाय. हे तुम्हीच, कशावरून?"

"हात दिसत नाय का? थाप मारतोय ना!"

"मग पडली कोण?"

त्याने हात खिशात घातला. मागून कोणीतरी म्हणालं, "धरा गं, आता यालाच चक्कर यायची!" बायका पोट धरून हसल्या.

त्या दिवशी सगळ्या चढून बसेपर्यंत त्याचा हात खिशातून बाहेर आला नाही. पण माझं एवढ्यावर भागत नाही. त्याने आईसमोर येऊन "मी पाडलं" म्हणायला हवं, आणि तोवर रोज सकाळी त्याने स्वतःला बघावं. तो नखाने कागद खरवडतो, मी पुन्हा चिकटवते. तुम्ही त्या थांब्यावरून गेलात आणि चित्राचा कोपरा सुटलेला दिसला, तर अंगठ्याने दाबून बसवा.