'रन' शब्दाचं फाटलेलं पान

माझ्या लग्नात एकच गोष्ट खोटी सांगितली गेली. ती म्हणजे मी मॅट्रिक पास आहे. बाकी उंची, रंग, तीन एकर धानाची शेती, सगळं खरं होतं. खोटं बोलले आमचे थोरले दामूभाऊ. मी शेजारी बसून सतरंजीचा धागा ओढत होतो. मुलीकडचे 'होय' म्हणेपर्यंत तो दीड वीत निघाला होता!

त्या वर्षी अधिक महिना वैशाखात आला आणि धोंड्याच्या जेवणाला मला आरमोरीला सासुरवाडीहून, मूल गावाहून, बोलावणं आलं. इंदू, म्हणजे माझी बायको, आधीच माहेरी गेली होती. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. हे मामाजी मूलच्या एका राइस मिलमध्ये इंग्रजी पत्रं लिहायचे. घरात देवांच्या शेजारी लाल फडक्यात बांधलेली एक जाडजूड डिक्शनरी होती. देवांना रोज एकदा हात जोडले जायचे, डिक्शनरीला दोनदा.

पहिल्याच रात्री मी ताटावर बसलो, पहिला घास उचलला आणि मामाजी म्हणाले, "जवाईबापू, रन म्हन्जे काय?"

"पळणे," मी म्हणालो.

"अन्?"

घास तिथंच थांबला. अन् काय? पळणं म्हणजे पळणं!

"नदी वाहते, तेही रन. आमची मिल चालते, तेही रन. लुगड्याचा रंग जाते, तेही रन. अन् मजा आयका, मानूस इलेक्शनले उभा राहते, त्याले इंग्रज काय म्हन्ते? रन! हा उभा हाये, अन् ते म्हन्ते पळून राह्यला!"

मी हसलो. इतका हसलो की सासूबाईंनी पाणी पुढं केलं.

"उद्या जेवन झाल्यावर हमीदभाई पान खाले येऊन राह्यले. लाकडाचे मोठे व्यापारी. त्यायच्या समोर तुमी रनचे सगळे अर्थ सांगजा. मॅट्रिकवाल्याले काय कठीण?"

दाराआड इंदूच्या बांगड्या वाजल्या. तिचा बाप खोट्याला किती चिडतो हे तिनंच मला सांगितलं होतं. मिलमधल्या एका कारकुनाशी याच कारणावरून ते अकरा वर्षं बोलले नव्हते. आता हे कळलं तर? इंदू माहेरीच राहील! रात्रभर मी कूस बदलत होतो आणि मनात एकच अर्थ घोळत होता, पळणे.

पहाटे सासूबाई गंगी शेळीचं दूध काढत होत्या, मामाजी विहिरीवर होते. मी देवांसमोर गेलो. डिक्शनरी धोतराच्या घडीत मावणारी नव्हती, म्हणून 'रन'चं पान फाडलं. (देव सगळे समोरच बसलेले!) मग लोटा उचलला आणि गावाबाहेरच्या मोहाच्या झाडांकडं गेलो. तिकडं लोट्यासकट जाणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

बसलो. वाचू लागलो. बारीक अक्षरांत अर्थच अर्थ! पाचव्या अर्थापर्यंत पोचलो तोच समोर खसफस झाली. मान वर केली तर पंधरा हातांवर अस्वल! मोहाची फुलं खायला आलेलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं पाहिलं. लोटा सुटला, पान सुटलं, बाकीचे सगळे अर्थ सुटले आणि पहिला तेवढा पायांत आला!

अंगणात येईपर्यंत मी मागं पाहिलं नाही. इंदू म्हणाली, "काऊन हो, असे धापा काऊन टाकून राह्यले?"

"व्यायाम," मी म्हणालो.

दुपारी धोंड्याचं जेवण झालं. हमीदभाई आले. मामाजींनी फडकं सोडलं, डिक्शनरी उघडली, पानं उलटली. पुन्हा उलटली.

"रन कुठी गेला?"

मला सुटल्यासारखं वाटलं. पान नाही, तर परीक्षाही नाही! तेवढ्यात मामाजींची नजर अंगणात गेली.

"गंगी! मांगं पोस्टकार्ड खाल्लं होतं तिनं. जवाईबापू, तुमी पायटीच उठले होते. शेळी घरात शिरली होती का?"

आता जे लिहितो ते लिहिताना आजही मान खाली जाते. मी म्हणालो, "काहीतरी चघळत होती खरी." (शेळी दुसरं करते काय!)

"संपलं! उद्या कसायाले देतो."

"अवो, तिच्याच दुधाचा चहा पेता तुमी!" सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मी विड्याचं पान चघळत होतो. आता गंगी आणि मी, दोघंही चघळणारे.

तेवढ्यात फाटकातून मोहं वेचणारी भागरताबाई ओरडत आली. "अवं बाई, तुमचा लोटा घ्या!"

लोट्यावर मामाजींचं नाव कोरलेलं होतं. आणि लोट्यात, नीट घडी घालून, 'रन'चं पान!

"आमी मोहं वेचून राह्यलो होतो," ती सांगू लागली. "एक धोतरवाला मानूस आला तो माह्या टोपल्यावरून उडी मारून गेला! मले वाटलं अस्वल मांगं लागलं. पाह्यतो त अस्वल त्याच्याच भेवानं दुसरीकडं पळून राह्यलं!"

सगळ्यांच्या नजरा माझ्या धोतराकडं वळल्या. त्याला मोहाच्या फुलांचे डाग होते.

मी मामाजींचे पाय धरले. "मामाजी, गंगीनं काही केलं नाई. पान मी फाडलं. मी मॅट्रिक नापास आहे."

हमीदभाईंनी पानाची पिंक गिळली.

"कशात नापास?" मामाजींचा आवाज अगदी थंड होता.

"इंग्रजीत."

"फक्त?"

"गणितातही."

"अजून?"

"संस्कृतात थोडक्यात हुकलं."

हमीदभाई हळूच म्हणाले, "जाने दो भाई. बंदा दौडता तो अच्छा है."

मामाजी हसले नाहीत. "घरात मॅट्रिक येऊ द्या. तोवर इंदू इथीच राहीन."

मी इंदूकडं पाहिलं. वाटलं, रडेल. ती नववी शिकून लग्नासाठी शाळा सोडलेली. लहानपणापासून त्या डिक्शनरीशेजारी वाढलेली. ती म्हणाली, "बाबा, मंग मीही फॉर्म भरतो. यायले एकट्याले बसवलं त मी म्हातारी होईन इथी!"

आम्ही दोघंही बाहेरून परीक्षेला बसलो. दर शनिवारी मी आरमोरीहून मूलला जायचो. इंदू चुलीपुढं बसून मला अर्थ विचारायची आणि मी चुकलो की फुंकणीनं पाट वाजवायची. निकाल लागला. इंदू पास झाली. मी संस्कृतात सुटलो, गणितात सुटलो, इंग्रजीत राहिलो.

मामाजींनी दोघांचाही निकाल पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "मी म्हनलं होतं, घरात मॅट्रिक येऊ द्या. आला. जा."

इंदूला घेऊन आरमोरीला आलो आणि त्याच संध्याकाळी पेढ्यांचं पुडकं घेऊन घरोघर निघालो. जन्मात पुन्हा खोटं बोलायचं नाही अशी शपथ घेतलेली होती. लोक पाठ थोपटत होते, "वा! झाले एकदाचे मॅट्रिक पास!"

मी शपथ मोडली नाही. प्रत्येक दारात मी एवढंच म्हणालो, "पेढा घ्या."