लिंडाच्या बेकरीत आलेली बाई

आधीच सांगते, मी सिव्हिल इंजिनियर आहे. पूल आणि रस्त्याखालच्या मोऱ्या तपासणं हे माझं काम. या ग्रुपवर लोकांनी लिहिलेले गूढ अनुभव मी आवडीने वाचायचे, आणि प्रत्येकाचं कारण मनातल्या मनात शोधून मोकळी व्हायचे... झोप झाली नसेल, ताप असेल, योगायोग असेल. त्यामुळे स्वतःचा अनुभव लिहायला बसणं मला जरा जडच जातंय.

मी मूळची सांगलीची. कॅनडात आल्यावर आधी ब्रॅम्पटनला एका बेसमेंटमध्ये राहिले. मग वॉटर्लूच्या पश्चिमेला, ह्युरॉन सरोवराकडच्या एका लहान गावात काउंटीच्या रस्ते विभागात नोकरी लागली. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात. काउंटीचं मुख्य ठिकाण, म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं गावच म्हणा ना. मधोमध चौक, चौकात कोर्टाची पिवळ्या विटांची जुनी इमारत, भोवती बँक, लायब्ररी, हार्डवेअरचं दुकान, न्हावी. आसपासचे शेतकरी पिकअप घेऊन कामाला येतात आणि काम झालं तरी कॉफी पीत रेंगाळतात. मी नवीन होते तेव्हा पोस्टातल्या माणसाने माझं नाव विचारायच्या आधीच म्हटलं, "तूच ना ती ब्रिजवाली?" ब्रॅम्पटनमध्ये मला शेजाऱ्याचं नाव माहीत नव्हतं, आणि इथे मी कुठल्या रंगाची टोपी घेतली हेसुद्धा बातमी! सुरुवातीला वैताग यायचा. नंतर बरं वाटायला लागलं.

आपले लोक म्हणाल तर गॅस स्टेशन, म्हणजे पेट्रोल पंप, चालवणारं एक तरुण पंजाबी जोडपं. बस्स.

मी चौकातल्या एका बेकरीच्या वर भाड्याने राहायचे. बेकरी लिंडाची. साठी ओलांडलेली, मोठ्या आवाजाची, हातावर कायम पीठ. मला 'अॅश' म्हणायची, अश्विनी तिच्या जिभेवर बसलं नाही. जाता-येता दोन शब्द व्हायचे, पण ती कधी जिना चढून वर आलेली नव्हती. घरमालकाने एक चावी तिच्याकडे ठेवली होती, पाइप वगैरे फुटला तर असावी म्हणून.

आणि माझी आई. वडील लवकर गेले, आईने आम्हा दोघा भावंडांना एकटीने वाढवलं. माझं घर बघायला ती इथे येणार होती, व्हिसाही झाला होता, आणि तेवढ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. सांगलीत दादा-वहिनीकडे ती पलंगावर होती. मी रोज व्हिडिओ कॉल करायचे, ती नुसती बघत राहायची.

फेब्रुवारीतला शनिवार होता. आदल्या दिवसापासून सरोवराकडून बर्फाचं वादळ सुरू होतं, समोरचं कोर्ट दिसत नव्हतं. सकाळी उठले तेव्हा डोकं ठणकत होतं, मळमळत होतं. फ्लू असेल म्हणून चहा न घेताच सोफ्यावर आडवी झाले. पुढचं आठवतं ते तुटक... दारावर धपाधप आवाज, लिंडाचं ओरडणं, मला काखेत धरून कोणीतरी जिन्यावरून खाली नेतंय, आणि तोंडावर थंड हवा.

मागच्या उतरत्या छपरावर माझ्या फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा, धूर बाहेर सोडणारा पाइप होता. वाऱ्याने तिथे बर्फाचा ढीग साचून तो बुजला होता, आणि कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू घरात भरत होता. त्या वायूचा अलार्म जुना, बंद पडलेला. अग्निशमन दलाच्या माणसाने मला एवढंच सांगितलं, "अजून थोडा वेळ गेला असता तर..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

दुपारी हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावून मला जरा हुशारी आली. लिंडा शेजारी बसली होती, अंगावर अजून बेकरीचा एप्रन.

"अॅश, तुझी आई कुठेय?" तिने विचारलं. "मी परत गेले तर ती दुकानात नव्हती. या हवेत बाहेर पडली असेल तर शोधायला हवं."

मला वाटलं माझंच डोकं अजून जागेवर नाही. "माझी आई इंडियात असते, लिंडा."

"मग ती बाई कोण? सकाळी दुकानात आली. बारीकशी, केस पांढरे. अंगाला गुंडाळलेलं लांब हिरवं कापड, तुमचा तो ड्रेस गं, आणि त्यावर पुरुषाचा करडा स्वेटर. कोट नाही. पायात नुसत्या चपला! मी म्हटलं, बाई गं, गारठून मरशील, ये, बस. तर बसेना. सारखी 'फर, फर' म्हणत होती. मला वाटलं फरचा कोट मागतेय. मी माझा कोट आणायला वळले, तर तिने माझा हात धरला आणि छताकडे बोट दाखवलं. 'फर, फर.' तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज सकाळपासून तुझ्या पावलांचा आवाज आला नाही."

फर नव्हे... वर. वर, वर.

मी एकच विचारलं, "ती चालत होती?"

"चालत? अगं, मला ओढत होती जिन्याकडे!"

मी रडले ते याच्यावर. दादाचा करडा स्वेटर आई बारा महिने घालते, हे सांगायचंही मला सुचलं नाही.

वहिनीला फोन केला. तिकडे तेव्हा रात्र झाली होती. माझं काय झालं ते सांगायच्या आधी मी विचारलं, "आई कशीय?"

"आता बऱ्या आहेत. पण अश्विनी, आज जेवल्याच नाहीत गं. हाक मारली तर ओ नाही, डोळे उघडे आणि लक्ष भलतीकडेच. पाय तर असे गार... मी मोजे घालून चोळत बसले होते. मगाशी एकदम झोप लागली त्यांना."

तुमच्यातले काहीजण म्हणतील, त्या गॅसने भास होतात. होतात ना. पण मी काहीच पाहिलं नव्हतं. पाहिलं लिंडाने, आणि खाली बेकरीत हवा स्वच्छ होती, अग्निशमन दलाने ती तपासली होती. लिंडाला मी आईचा फोटो कधी दाखवला नव्हता. दुसरी कोणी असेल म्हणून पंजाबी जोडप्यालाही विचारलं. त्यांच्याकडे कोणी पाहुणं आलेलं नव्हतं.

घरी आल्यावर काही दिवसांनी मी बेकरीतूनच व्हिडिओ कॉल लावला आणि फोन लिंडाच्या हातात दिला. मुद्दाम काही सांगितलं नाही. आधी वहिनी दिसली, मग वहिनीची आई, त्याही आजारपणाला मदत म्हणून आलेल्या, पांढऱ्या केसांच्याच. लिंडा त्यांना हसून "हाय" म्हणाली, बस्स. मग वहिनीने फोन पलंगाकडे वळवला.

लिंडाने फोन डोळ्यांजवळ नेला. ती हळूच म्हणाली, "यू मेड इट होम ओके, डियर?" घरी नीट पोचलात ना?

आई तिच्याकडे बघत राहिली. मग डावा हात उचलून तिने छातीशी नेला... एका हाताचा नमस्कार. झटक्यानंतर तिने आपणहून कोणाला नमस्कार केला, तो हा पहिलाच.

पुढे मी सांगलीला गेले तेव्हा तिच्याजवळ बसून विचारलं, "आई, तू आली होतीस का गं?" ती माझ्या गालावरून हात फिरवत राहिली. त्याला हो समजायचं की नाही, मला कळलं नाही. गेल्या वर्षी आई गेली. मी अजून त्याच गावात आहे, अजून पूल तपासते, आणि त्या सकाळचं कारण मला आजही सापडलेलं नाही. जिला एकटीला ते माहीत असेल, तिला बोलता येत नव्हतं.