काळ्या बादलीतलं ऊन

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातलं सगळ्यात कमी धुराचं घर माझं होतं, असं चौकातल्या फळ्यावर लिहिलेलं होतं. अक्षर माझंच होतं.

मी राइस मिलच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. बावीस वर्षं धानाचे ट्रॅक्टर तोलतो आहे, त्यामुळे ज्या गोष्टीचं वजन होत नाही तिच्यावर माझा फारसा विश्वास नाही. (बायकोच्या मते हाच माझा मूळ आजार.) तालुक्याहून, म्हणजे मोहाडीहून आलेल्या साहेबांनी समाजमंदिरात 'घराघरातला कार्बन कमी करा' असं भाषण दिलं आणि सरपंचबाईंनी विचारलं, "याचा हिशेब कोन ठेवल?" तेव्हा सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी थोडे आढेवेढे घेतले. रजिस्टर घरून घेऊनच आलो होतो!

दर रविवारी मी ताणकाटा घेऊन घरोघरी फिरू लागलो. विजेची युनिटं, सिलिंडर, पेट्रोल आणि चुलीत गेलेलं लाकूड. मोळ्या काट्याला लटकवायच्या, साहेबांनी दिलेल्या कागदाप्रमाणे गुणाकार करायचा आणि नावं फळ्यावर लिहायची. सगळ्यात कमी धुराचं घर हिरव्या खडूने, सगळ्यात जास्त धुराचं लाल खडूने. लाल खडूची कल्पना माझी. आज हे सांगताना मान वर होत नाही, पण नोंद करायलाच हवी.

पहिल्या हप्त्याची नोंद झाल्यावर सुधारणेची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. गिझरच्या बटणावर कागद चिकटवला, अंगणातली चूल मोडली आणि गॅस दिवसाला एक तास, असं जाहीर केलं.

"एका घंट्यात चार जनाचा सैपाक?" माझी बायको रेखा म्हणाली. "अन् आंघोळीचं पानी?"

"थंड्या पान्यानं तब्येत चांगली राह्यते."

"मंग पयले तुम्हीच करा!"

मी केली. एकदाच. पहिला तांब्या अंगावर पडला आणि मला माझ्या आजोबांचं नाव आठवेना.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर बादलीतून वाफ निघतेय!

"हे कायवर तापवलं वं?"

"काल उन्हात ठेवलं होतं," रेखा तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "काळी बादली हाय ना. ऊन धरून ठेवते."

सकाळचे सहा वाजले होते. तलावावर धुकं असं की काठावरची म्हैस दिसत नव्हती. धानाचा ओलावा नुसत्या मुठीत ओळखणारा मी! मी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं : 'सौर ऊर्जा, एक बादली.'

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. मी समाजमंदिरात काळ्या बादलीवर भाषण दिलं. सहा घरांनी बादल्या रंगवल्या. दोनच दिवसांत आमच्या गल्लीतले गणपतराव दात वाजवत दारात उभे.

"काटेवाले भाऊ, माही बादली ऊन धरून नाही राहिली ना!"

"रंगाचा अजून एक हात मारा."

त्यांनी मारला. मग ते आठ दिवस खोकत होते. मी त्यांच्या नावापुढे 'रंग अपुरा' असा शेरा लिहिला.

जेवणाचंही तसंच. ताटात वांग्याचं भरीत यायचं, खरपूस, निखाऱ्याचा वास असलेलं. भाकरीला राख लागलेली असायची. मी बोटं चाटत मुलांना सांगायचो, "पाहा, गॅसवरही अशी चव येते. शिस्त पाहिजे फक्त." मुलं खाली मान घालून जेवायची. मला वाटायचं, संस्कार होताहेत.

दुसऱ्या हप्त्यापासून लाल खडूने एकच नाव लिहिलं जात होतं. भिंतीपलीकडच्या शेवंताबाईंचं. तलावातली मासोळी विकून घर चालवणारी ही विधवा बाई आणि तिची लेक पुष्पा. पहिल्या हप्त्यात त्यांचं लाकूड नऊ किलो होतं. दुसऱ्या हप्त्यात एकवीस! तिसऱ्यात एकवीस, चौथ्यातही एकवीस. मी चार लोकांसमोर विचारलं,

"शेवंताबाई, दोन मानसाले एकवीस किलो? काय करता तरी काय एवढ्या लाकडाचं?"

त्यांनी आमच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "थंडी लय हाय ना, भाऊजी."

"थंडी समद्यायलेच हाय. आमच्या घरी पाहा. शून्य किलो!"

त्यांनी मोळी उचलून आत नेली. आमच्या दारात उभी असलेली रेखा घाईघाईने घरात गेली.

मग मंडई आली. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, म्हणजे जत्राच. दुकानं लागतात, दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ होतो, घरोघरी पाहुणे येतात आणि लग्नाच्या गोष्टीही त्याच गर्दीत जुळतात. दोन दिवस आधी शेवंताबाई आमच्या ओसरीवर आल्या.

"भाऊजी, मंडईच्या दिवशी तेवढा फळा पुसता काय? पुष्पाले पाह्याले लाखनीचे पाहुने येऊन राहिले. माहं नाव असं लाल लाल..."

"बाई, आकडा पुसता नाही येत. मंग फळा ठेवाचा तरी कायले?"

"एकाच दिवसासाठी, भाऊजी."

"आज तुमचा पुसला, उद्या दुसऱ्याचा पुसा लागल."

त्या ओसरीची पायरी उतरून गेल्या. दारामागे रेखा तोंडाला पदर लावून उभी होती. मला वाटलं, नवऱ्याचा ताठ कणा पाहून तिला भरून आलं! मी मंडईच्या सकाळी जाऊन ते नाव जरा ठळकच केलं. पुसट दिसलं असतं तर लोकांनी मला पक्षपाती म्हटलं असतं.

पाहुणे चौकातूनच आले. मुलाचे मामा फळ्यासमोर थांबले. खाली 'नोंद ठेवणार' म्हणून माझं नाव होतं आणि मी तिथेच, इस्त्रीच्या शर्टात, उभा होतो.

"काहो, या शेवंताबाईच्या घरी मानसं किती?"

"दोन. मायलेकी."

"दोन बाया अन् हप्त्याले एकवीस किलो लाकूड?" मामांचा आवाज खाली आला. "घरी मोहाची दारू गिरू काढतेत काय?"

इथे कोणीही शहाणा माणूस 'छे छे' म्हणाला असता. मी म्हणालो, "ते मले माहीत नाही. पन आकडा पक्का हाय."

मामा वळले. "चला रे, गाडी काढा."

"ओ पाहुने, थांबा!"

बांगड्यांच्या दुकानातून रेखा धावत आली. एका हातात हिरव्या बांगड्या, दुसरा हात रिकामा. (दुकानदार तिच्या मागे.)

"त्या एकवीसातले बारा किलो आमचे हायेत! ह्यांच्या आंघोळीचं पानी, ह्यांच्या भाकरी, ह्यांचं भरीत, समदं शेवंताबाईच्या चुलीवर होऊन राहिलं, तीन हप्ते झाले!"

दंडारीचा ढोल थांबला. गर्दीतून कानटोपी घातलेले गणपतराव पुढे आले.

"म्हंजे... काळी बादली?"

"ते भिंतीवरून येत होती, भाऊजी," रेखा म्हणाली.

गणपतराव माझ्याकडे बघत राहिले. मी फळ्याकडे बघू लागलो. तिथेही सुटका नव्हती, तिथे हिरव्या खडूने मीच होतो.

मामांनी रेखाला विचारलं, "मंग त्या बाईनं काऊन नाही सांगतलं?"

"मीच शपथ घातली होती. ह्यांचं नाव खाली जाऊ नाही म्हनून."

मामांनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. "तीन हप्ते बोलनं खाल्लं, पन शेजारनीचं नाव नाही घेतलं? चला, पोरगी पाहू." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही नका येऊ."

मी शर्टाच्या बाहीने फळा पुसला. शेवंताबाईंपुढे नऊ लिहिलं आणि माझं नाव लाल खडूने खाली उतरवलं.

"जरा ठळक लिहा ना, भाऊ!" गणपतराव खोकत म्हणाले. "पक्षपात नाही झाला पायजे!"

पुष्पाचं जमलं. माझ्यामुळे नव्हे, मी असूनही. पुढच्या रविवारी मी सायकलवर लाकूड लादून शेवंताबाईंच्या दारात गेलो. माफीची दोन वाक्यं घरून पाठ करून निघालो होतो. तोंडातून आलं ते भलतंच.

"छत्तीस किलो हाय. बारा गुनिले तीन."

"मोजून आनलं?"

"हो."

त्या पहिल्यांदा हसल्या. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात खिशातलं पत्र टोचलं. आदल्याच दिवशी मोहाडीहून आलं होतं. महिनाअखेरीला रजिस्टरची नक्कल मी शिरस्त्याप्रमाणे पाठवली होती, चौकातल्या प्रकाराच्या आधीच! साहेबांना सौर बादलीचा प्रयोग फार आवडला होता. बुधवारी ते चार माणसं घेऊन पाहायला येणार होते. मी पत्र वाचून दाखवलं आणि खाली मान घालून उभा राहिलो.

शेवंताबाईंनी एक ओंडका उचलून चुलीजवळ ठेवला.

"किती वाजता येतेत तेवढं सांगून ठेवा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमचं ऊन पेटवून ठेवतो."